सव्वातीन इंच डावीकडे

डोमाजी रामटेके यांनी टीव्हीवाल्यांना आयुष्यात एकदाच पत्र लिहिलं, असं ते स्वतः सांगतात. त्यांच्याच घरच्या जावक वहीप्रमाणे आकडा एकोणतीस आहे. लघु पाटबंधाऱ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस निवृत्तीनंतर घरी जावक वही ठेवतो, याचं मोहाडीत कोणाला नवल नाही. फक्त पहिल्या नोंदीपाशी वाचणारा जरा थांबतो. ‘विषय : मयत पत्नी पडद्यावर पूर्ण दिसण्याबाबत.’

भानगड सुरू झाली अड्याळला, एका फेब्रुवारीत. मोहाडीच्या सुजाता महिला गायन पार्टीचा तिथे भीमगीतांचा कार्यक्रम होता. मुंबईहून एक बाई आली होती, गळ्यात दोन चष्मे आणि बरोबर एकच कॅमेरा. तिने तो समोर तीन पायांवर उभा केला आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलवला नाही. तिची तशीच पद्धत होती म्हणे. फिल्म लांबोडकी झाली. वेळेने नव्हे, अंगाने. सात बाया मांडीला मांडी लावून एका ओळीत बसलेल्या, त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मावाव्यात म्हणून बाईने चित्रच धानाच्या शेतातल्या लांबट बांधीसारखं आडवं घेतलं होतं. ती फिल्म पुढे परदेशात दोन-चार ठिकाणी दाखवली गेली. त्याच वर्षी पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना सत्यभामाबाई, म्हणजे डोमाजींची बायको आणि पार्टीतला सगळ्यात जुना आवाज, चार दिवसांच्या तापाने गेली. परदेशातल्या लोकांनी तिला गाताना पाहिलं. डोमाजींनी पाहायचं राहिलं होतं.

दोन वर्षांनी एका वाहिनीवर ती फिल्म लागणार असल्याची बातमी आली.

आता पार्टीची बसण्याची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्या रीतीनेच बिघडवलं. मंचाच्या डाव्या कोपऱ्यात जरा मागे एक टेबल असतं. त्यावर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी. तसबिरींच्या जितकं जवळ, तितका मान मोठा. नवी पोरगी मधोमध, माइकपुढे बसते, कारण माइकपुढे कोणीतरी बसावंच लागतं. मग एखादी म्हातारी थकली की ओळ एक जागा डावीकडे सरकते. सत्यभामाबाईंना मधून टोकाला पोहोचायला एकोणीस वर्षं लागली. त्यांच्या आधी टोकाला बसणाऱ्या रंभाबाईंचे गुडघे गेले आणि त्या खाली खुर्चीत आल्या, तेव्हा कुठे ती जागा मिळाली. “मान टोकाले राहते बाई,” रंभाबाई म्हणायच्या. “मधात काय आहे? मधात गर्मी राहते.”

रविवारी सकाळी अकरा वाजता डोमाजींच्या पुढच्या खोलीत पंधरा माणसं जमली. मुलगी रश्मी एकोडीच्या शाळेत शिकवते, ती आदल्या दिवशीच आली होती. रंभाबाईंना दोघांनी धरून आणलं. डोमाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते एकवीस इंची टीव्हीपुढे अशा बेताने बसले होते, की टीव्हीतून पाहणाऱ्याला आपण नीट दिसावं. असं का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांना हवं ते फार थोडं होतं. घरात सत्यभामाबाईंचे फोटो होते अकरा. पण कॅमेऱ्यापुढे आली की ती बाई श्वास रोखून धरायची. त्यामुळे अकराही फोटो पाहिले तर वाटायचं की ही आधीपासूनच गेलेली आहे. जिवंत असतानाची तिची एक लकब होती. गाताना ओळ संपली की ती मानेचं काहीतरी करायची. काय करायची, हे डोमाजींना मागच्या दिवाळीपर्यंत आठवत होतं. मग एक दिवस ओसरीत बसल्या बसल्या त्यांनी आठवून पाहिलं आणि ते सापडलं नाही. फाइल जागेवर नसली की कारकून जशी सगळी कपाटं उघडतो, तसे त्यांनी अकराही फोटो पुन्हा काढून पाहिले. ती मान एकदा हलताना पाहायची, एवढंच.

फिल्म सुरू झाली. मधोमध माइकपुढे रुचिता, पार्टीतली सगळ्यात नवी पोरगी, पडदाभर. तिच्या दोन्ही बाजूंना आणखी चार. मोजल्या तर पाच. सात बायांच्या पार्टीत पाच.

“बाकीच्या कुठं गेल्या?” कोणीतरी विचारलं.

“येतील,” डोमाजी म्हणाले. “आताच सुरू झालं आहे.”

कोणी आलं नाही. लांबोडकं चित्र चौकोनी डब्यात बसवायला वाहिनीने दोन्ही बाजू कापल्या होत्या. डोमाजींना कापाकापी नवी नव्हती. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा कचेरीतल्या जिल्ह्याच्या नकाशाची उजवी बाजू त्यांनीच साहेबांच्या सांगण्यावरून कात्रीने कापली होती. डावी बाजू कापलेली ते पहिल्यांदाच पाहत होते.

आणि मग टाळी सुरू झाली. पडद्याच्या डाव्या काठातून एक हात आत आला. डावा हात, मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. हात टाळीपुरता आत आला आणि बाहेर गेला. पुन्हा आत आला, पुन्हा गेला. ते घड्याळ डोमाजींचं होतं. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कचेरीतून मिळालेलं, त्यांना जड होतं म्हणून बायको घालायची. तासभर पाच बाया गात राहिल्या आणि तासभर तो हात काठाआडून येत-जात राहिला, जणू भिंतीपलीकडे कोणी उभं राहून या घरात आहे का कोणी, असं चाचपून पाहत होतं.

शेवटी रंभाबाई म्हणाल्या, “हात तर तिचाच आहे वो.”

डोमाजींनी मान हलवली. हात तर तिचाच होता. खेरीज एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. दहन केलं त्या दिवशी ते घड्याळ त्यांनीच तिच्या मनगटावर राहू दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले येऊ लागले. शेजारचे नत्थूजी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या डोळ्यावर त्यांचा भलता विश्वास बसला होता.

“बाबूजी, हे टीव्हीचं काम आहे,” ते म्हणाले. “रुंदी कमी करून देतो. चित्र आकसलं का बाजूचं आपोआप आत येते.”

त्यांनी टीव्हीची पाठ उघडली आणि आत काहीतरी फिरवलं. चित्र आकसलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं काळी जागा आली आणि बातम्या सांगणारी बाई काडीसारखी झाली.

“आता इथं काय येईल?” डोमाजींनी काळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं.

नत्थूजींनी बराच वेळ त्या काळ्या जागेकडे पाहिलं. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या. “बाबूजी,” ते हळूच म्हणाले, “त्यांनी पाठवलंच नाही ते मी कुठून आणू?”

पण जाता जाता दारात ते घुटमळले. “एक विचारू? त्या हातावरच्या घड्याळात किती वाजले होते, पाहिलं तुम्ही?”

“नाही.”

“अकरा वाजून वीस. आन् माझ्या घड्याळातही अकरा वाजून वीसच झाले होते.”

“नत्थूजी, तो कार्यक्रम संध्याकाळचा होता.”

“तेच तर म्हणून राहिलो मी,” नत्थूजी म्हणाले आणि गेले.

गुरुवारी दुपारी फिल्म पुन्हा लागली. डोमाजींनी निश्चय केला होता की घड्याळाकडे पाहायचं नाही. एवढ्याशा पडद्यावर एवढंसं घड्याळ, त्यात वेळ काय दिसणार. नत्थूजी मात्र खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले आणि टाळीगणिक वाचू लागले. “चार पाच. चार सहा. चार सात, बाबूजी.” डोमाजी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्यायले. ऑपरेशन झालेल्या एका डोळ्याची साक्ष कोणत्याही चौकशीत ग्राह्य धरत नाहीत, हे त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. मग स्वयंपाकघरातलं घड्याळ पाहिलं. चार वाजून सात मिनिटं झाली होती.

आता भुपेंद्र मास्तर मध्ये पडले. हे हायस्कुलात विज्ञान शिकवतात आणि गावात कुठेही भुताखेताचं नाव निघालं की फूटपट्टी घेऊन हजर होतात. त्यांनी टीव्हीचा पडदा मोजला, कागदावर फिल्मची आकृती काढली, भागाकार केला.

“घाबरायचं काही कारण नाही, बाबूजी. चित्र तेवढंच आहे. फक्त टीव्ही लहान पडून राहिला. टीव्ही जर मोठा असता, तर काकू इथं दिसल्या असत्या.” आणि त्यांनी पडद्याच्या काठापासून मोजून भिंतीवर पेन्सिलीने एक खूण केली. “सव्वातीन इंच. पडद्याच्या काठापासून सव्वातीन इंचात काकू.”

हे भीती घालवण्यासाठी होतं.

खूण झाली तिथे भिंतीवर कॅलेंडर होतं. डोमाजींनी ते काढलं. चुना उडालेल्या भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरा स्वच्छ चौकोन निघाला. झालं. त्या दिवसापासून घरात येणारा माणूस आधी त्या चौकोनाकडे पाहू लागला. केबलवाला महिन्याची पावती द्यायला आला, तो वायर तपासायला टीव्हीच्या डाव्या बाजूला न जाता उजव्या बाजूने हात लांब करून तपासू लागला. रंभाबाई दर दोन दिवसांनी येऊन बसायच्या आणि थेट भिंतीशी बोलायच्या, “काय वो सत्यभामा, जेवली का?” घरातली पालसुद्धा भिंतीवरून येताना त्या चौकोनाला वळसा घालून जाऊ लागली. हे डोमाजींनी आठ दिवस पाहिलं, दोन वेळा नोंद केली आणि मग नोंद करायची थांबवली.

रश्मी शनिवारी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाबा, हे काय करून ठेवलं? ते कॅलेंडर लावा आधी तिथं.”

“मास्तरानं मोजून काढलं आहे.”

“मास्तरचं डोकं फिरलं आहे. आई भिंतीत आहे का?”

“मी कुठं म्हणून राहिलो भिंतीत आहे? चित्रात आहे. चित्र भिंतीवर पडून राहिलं.”

पण झोपताना रश्मीने अंथरूण उचलून दुसऱ्या भिंतीशी नेलं, हे डोमाजींनी पाहिलं.

पत्रव्यवहार एव्हाना सुरू झाला होता. डोमाजींनी पहिल्यांदा वाहिनीला लिहिलं, संदर्भ आणि विषय टाकून, तीन प्रतींत. वाहिनीचं उत्तर दोन महिन्यांनी आलं, छापील. ‘आमच्या कार्यक्रमांबद्दल आपल्याला वाटणाऱ्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.’ डोमाजींनी स्मरणपत्र पाठवलं. दुसरं स्मरणपत्र पाठवलं. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तो खासगी वाहिनीला लागू होत नाही म्हणून परत आला. त्यांनी तक्रार कोणत्या कचेरीत करावी याचा अभ्यास केला. कार्यक्रम झाला पवनी तालुक्यात, बाया मोहाडीच्या, चित्र कापलं मुंबईत आणि आलं आकाशातून. आकाश कोणाच्या हद्दीत येतं? हा अर्ज आपल्याच टेबलावर आला असता, तर आपण यावर काय शेरा मारला असता, असा त्यांनी विचार केला आणि प्रामाणिकपणे उत्तर आलं, ‘दप्तरी दाखल’. यानंतर दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. चौतीस वर्षांत असे किती अर्ज आपण दप्तरी दाखल केले असतील, हे ते मोजायला बसले नाहीत, एवढं त्यांनी सांभाळलं.

मग संघपाल आला. संघपालचं बसथांब्यावर मोबाइलचं दुकान आहे आणि निवेदन देण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

“काका, तुम्ही एकट्यानं लिहून राहिले म्हणून होऊन नाही राहिलं,” तो म्हणाला. “तुमचं सोडा. तसबिरी कापल्या त्यांनी! भीमगीताचा कार्यक्रम दाखवता आन् तसबिरीच कापता? हा विषय आहे.”

“तसबिरी माझ्याही ध्यानात आल्या होत्या,” डोमाजी खालच्या आवाजात म्हणाले. आल्या नव्हत्या. ते तासभर त्या हाताकडेच पाहत होते आणि ही गोष्ट आता कोणापुढे कबूल करण्यासारखी नव्हती. त्यांनी सही केली. त्यांच्या सहीखाली आणखी दोनशे दहा सह्या झाल्या. निवेदनात सत्यभामाबाईंचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात होता, ‘तसेच एक ज्येष्ठ गायिका’ असा.

निवेदनाला मात्र महिन्याभरात फळ आलं. वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली आणि फिल्म पुन्हा दाखवू, या वेळी तसबिरी दिसतील अशा बेताने, असं कळवलं. म्हणजे चित्र डावीकडे सरकणार. म्हणजे सत्यभामाबाई दिसणार. संघपालने पेढे आणले. डोमाजींनी पुन्हा तोच सदरा इस्त्री केला.

त्या दिवशी सकाळीच एक गोष्ट घडली, ती रश्मीच्या आधी ध्यानात आली. पाल भिंतीवरून आली आणि वळसा न घालता सरळ पांढऱ्या चौकोनाच्या मधोमध जाऊन बसली.

“बाबा,” रश्मी म्हणाली.

“पाहिलं मी,” डोमाजी म्हणाले.

अकराला फिल्म लागली. चित्र खरंच डावीकडे सरकलेलं होतं. वर कोपऱ्यात टेबल, टेबलावर दोन्ही तसबिरी, हार. खोलीतल्या लोकांनी हात जोडले. आणि टेबलाच्या पुढे खाली, ओळीच्या टोकाला, पांढरं लुगडं, निळा काठ, मांडीवर ठेवलेले दोन हात, डाव्या मनगटावर घड्याळ. त्याच्या वर गळा. आणि गळ्याच्या वर वाहिनीने केसांच्या तेलाची जाहिरात लावली होती.

छोटी चौकोनी जाहिरात, पडद्याच्या डाव्या काठाला, मोकळ्या केसांच्या हसऱ्या बाईची. ती नेमकी सत्यभामाबाईंच्या तोंडावर बसली होती. फिल्म चालू होती तोवर जाहिरात होती. फिल्म थांबून मोठ्या जाहिराती लागल्या की छोटी निघून जायची. सत्यभामाबाईंच्या अंगाने ती तेलवाली बाई तासभर टाळ्या देत होती. दर ओळ संपली की लुगड्याचा खांदा किंचित हलायचा. म्हणजे वर मान काहीतरी करत होती. तेलाच्या मागे.

“आता काही बोलू नका कोणी,” रंभाबाई म्हणाल्या. कोणीच बोलत नव्हतं.

डोमाजींनी त्या दिवशी एकोणतिसावं पत्र लिहिलं. ते टाकायला मात्र गेले नाहीत. जावक वहीत क्रमांक पडला आहे आणि पत्र वहीतच आहे.

शेवटी काम झालं ते कोणत्याही पत्राने नव्हे. रश्मीने एकोडीहून येताना साकोलीला इंटरनेटच्या दुकानात बसून मुंबईच्या त्या दोन चष्म्यांच्या बाईला चार ओळी लिहिल्या होत्या. आईचं नाव, कार्यक्रमाचं गाव, आणि ‘माझ्या बाबांनी आईला मंचावर गाताना कधी पाहिलेलं नाही’. त्यात विषय नव्हता, संदर्भ नव्हता. वीस दिवसांनी पार्सल आलं. आत अख्ख्या फिल्मची डीव्हीडी आणि एक चिठ्ठी : ‘एकही इंच कापलेला नाही.’

भुपेंद्र मास्तरांनी तोवर भिंतीला लावायचा नवा रुंद टीव्ही घेतला होता. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे मास्तरांच्या घरी जमले. भारनियमनाचा तक्ता पाहून वेळ ठरवली होती.

फिल्म लागली. वर-खाली बोटबोट काळी पट्टी आली.

“हे पाहा!” नत्थूजी उसळले. “आता वरून-खालून कापली!”

“कापली नाही जी, ते तसंच राहते,” मास्तर म्हणाले.

“तसंच कसं? इतक्या बोंबा मारल्या बाजूसाठी, तर वरून घेतलं!”

“चूप बसा ना गा जरा,” रंभाबाई म्हणाल्या.

कारण ओळीच्या डाव्या टोकाला सत्यभामाबाई होत्या. अख्ख्या. श्वास न रोखता. पहिली ओळ संपली आणि त्यांनी हनुवटी जराशी वर नेली, मग मान एका बाजूला कलती करून, शब्द कुठवर पोहोचले ते पाहावं तशी क्षणभर थांबवली. असं होतं तर ते. रश्मीने डोमाजींचा हात धरला. दोन गाणी त्यांनी पापणी न हलवता पाहिली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मान हलली तशी त्यांचीही मान नकळत हलत होती.

तिसऱ्या गाण्यात सत्यभामाबाईंनी बाजूला पाहिलं.

श्रोत्यांकडे नव्हे, रुचिताकडे नव्हे. त्यांनी तोंड चित्राच्या डाव्या काठाकडे वळवलं, काठाच्या पलीकडे कोणालातरी पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. मग थोडं आत सरकल्या. आणि उजव्या हाताने शेजारच्या रिकाम्या वीतभर सतरंजीवर दोनदा थापटलं. बस इथं. थांबल्या. पुन्हा थापटलं. मग डाव्या हाताने एकट्यानेच मांडीवर ताल धरला. उजवा हात त्या रिकाम्या जागेवर तसाच ठेवलेला, कोणी दुसऱ्याने बसू नये म्हणून बसमध्ये ठेवतात तसा.

“कोणाले बोलावून राहिली आई?” रश्मी म्हणाली.

सगळ्यांनी रंभाबाईंकडे पाहिलं. त्या रात्री त्या तिथे होत्या. “तिकडं कोणी नव्हतं बाप्पा,” रंभाबाई हळूच म्हणाल्या. “तिकडं बांबू होता आन् मंच खतम. बांबूच्या पलीकडं अंधार.”

मास्तरांनी चित्र थांबवलं. नत्थूजी म्हणाले, “कॅमेरा आणखी थोडा डावीकडे पाहिजे होता.” मास्तरांनी या वेळी फूटपट्टी काढली नाही.

डोमाजींना सगळं माहीत होतं. त्या दिवशी कचेरीत तपासणी होती आणि ते अड्याळला गेले नव्हते. तपासणी एक वाजताच संपली होती. जायचं असतं तर जाता आलं असतं. सत्यभामा त्या दिवशी पहिल्यांदाच टोकाला बसणार होती. सकाळी भाकरी बांधता बांधता तिने तीनदा विचारलं होतं, “येता का? टोकाले बाजूनं जागा राहते.” आणि ते म्हणाले होते, “तुमचं रोजचंच आहे.”

ते उठले. प्लास्टिकची खुर्ची उचलली, टीव्हीच्या डाव्या बाजूला, टीव्ही आणि कपाट यांच्या मधल्या जागेत ठेवली, आणि लोकांकडे तोंड करून बसले.

“बाबूजी, तिथून तुम्हाले काही दिसणार नाही,” मास्तर म्हणाले.

“माहीत आहे. तिसरं गाणं पुन्हा लावा.”

मास्तरांनी लावलं. डोमाजींच्या कानाशी ढोलकी वाजू लागली. त्यांना टीव्हीची फक्त काळी कड दिसत होती आणि समोर पंधरा माणसांचे चेहरे, त्यांच्यावर हलणारा उजेड. बराच वेळ सगळे टीव्हीकडे पाहत होते. मग नत्थूजींनी ऑपरेशनचा डोळा चोळला. मग रंभाबाईंचा हात तोंडावर गेला. आणि मग एक एक करून सगळ्यांचे डोळे टीव्हीवरून सरकत सरकत त्याच्या काठाशी आले, आणि काठावरून पुढे, डोमाजींवर येऊन थांबले.

“रश्मे,” डोमाजींनी विचारलं, “काय करून राहिली तुझी माय?”

“गाऊन राहिली, बाबा.”

“उजवा हात?”

रश्मीने टीव्हीकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. पुन्हा टीव्हीकडे पाहिलं.

“दोन्ही हात टाळीत आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही हलू नका.”

गाणं संपेपर्यंत डोमाजी हलले नाहीत.